रोजची जीवनसत्त्वाची गोळी : गरज किती, समज किती?

औषधांच्या दुकानात तापाचे किंवा खोकल्याचे औषध घेण्यास गेलेला माणूस जाता जाता 'ताकदीची एखादी चांगली गोळी द्या' अशी मागणी करतो, हे दृश्य आता शहरापुरते मर्यादित राहिलेले नाही. खेड्यापाड्यांतील दुकानांतही जीवनसत्त्वांच्या रंगीबेरंगी बाटल्या काचेच्या कपाटांत मांडलेल्या दिसतात. घरातील कर्ता पुरुष थकवा जावा म्हणून, विद्यार्थी स्मरणशक्ती वाढावी म्हणून आणि वृद्ध मंडळी हातापायांत बळ यावे म्हणून या गोळ्या महिनोन्‌महिने घेत असतात.

त्याच वेळी त्याच गावातील आरोग्य उपकेंद्रातून गरोदर स्त्रियांना विनामूल्य देण्यात येणाऱ्या लोहाच्या तांबड्या गोळ्या कित्येक घरांत फडताळावर तशाच पडून राहतात. पदरचे पैसे मोजून आणलेली गोळी गुणकारी आणि सरकारी केंद्रातून फुकट मिळालेली गोळी हलक्या प्रतीची, असा समज त्यामागे असतो. ज्या गोळीची गरज नाही ती घेतली जाते आणि जिच्यावर माता व बालक यांचे जीवित अवलंबून असू शकते ती टाकून दिली जाते. म्हणूनच जीवनसत्त्वाची गोळी शरीरात नेमके काय करते, कोणास तिचा उपयोग होतो आणि कोणास होत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

जीवनसत्त्व म्हणजे काय?

भात, भाकरी, डाळ, तेल यांपासून शरीरास उष्णता व शक्ती मिळते. जीवनसत्त्वांपासून अशी शक्ती प्रत्यक्ष मिळत नाही. अन्नाचे शक्तीत रूपांतर होणे, रक्त तयार होणे, हाडे बळकट होणे, दृष्टी शाबूत राहणे या क्रिया सुरळीत चालण्यासाठी जे पदार्थ अत्यल्प प्रमाणात लागतात आणि जे बहुतांशी शरीराला स्वतः पुरेसे तयार करता येत नाहीत, त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात. अशी १३ जीवनसत्त्वे ज्ञात आहेत. त्यांची गरज किती अल्प असते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरेसे आहे. प्रौढ पुरुषाला 'क' जीवनसत्त्व दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरते, तर 'बी-१२' अवघे दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी सुमारे दोन भाग.

या १३ जीवनसत्त्वांचे दोन गट पडतात. 'बी' गटातील जीवनसत्त्वे व 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात आणि जास्त झालेला भाग बव्हंशी लघवीवाटे निघून जातो. गोळी घेतल्यानंतर लघवी गडद पिवळी होते, ती रिबोफ्लेविन नावाचे 'बी' गटातील एक जीवनसत्त्व अशा रीतीने बाहेर पडत असल्यामुळे. कित्येक जण तो पिवळेपणा गोळी लागू पडल्याची खूण मानतात. वास्तविक ती शरीराला नको असलेला माल परत पाठवल्याची खूण होय. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही चार जीवनसत्त्वे मात्र स्निग्ध पदार्थांत विरघळतात. त्यांपैकी 'अ' आणि 'ड' यांचा शरीरात साठा होतो व तो सहजासहजी बाहेर पडत नाही. गोळीच्या सुरक्षिततेचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समुद्राने दिलेला धडा

जीवनसत्त्वांच्या अभावाने काय घडते याचे एक दारुण उदाहरण आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. वास्को द गामा याची जहाजे १४९८ च्या ऑक्टोबर महिन्यात अंजदीव बेटावरून परतीच्या प्रवासास निघाली. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा दिसण्यास त्यांना सुमारे तीन महिने लागले. त्या काळात खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, अंगावर सूज चढली आणि सुमारे ३० माणसे मृत्युमुखी पडली. जहाज हाकण्यास पुरेशी धडधाकट माणसेही उरली नव्हती. मालिंदी येथे पोहोचल्यावर आजाऱ्यांनी आवर्जून मागवून घेतली ती संत्री. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात आणि तो ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने, म्हणजेच 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने, होतो. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने १२ रुग्ण खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे खलाशी सर्वांआधी बरे झाले.

दुसरा धडा तांदळाने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढराशुभ्र सडीक भात घालण्यात येत असे. त्या कोंबड्या पाय लुळे पडून आजारी झाल्या. पुढे आचारी बदलला. बिनलष्करी कोंबड्यांना लष्करी भात देण्याचे नव्या आचाऱ्याने नाकारले, त्यांना बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यात 'बी-१' जीवनसत्त्व असते आणि सडताना ते निघून जाते, हे रहस्य त्यातून कालांतराने उलगडले. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गोव्यात व कोकणात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जाणारा उकडा तांदूळ या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. भात सालीसकट उकडल्याने कोंड्यातील 'बी-१' दाण्यात मुरते आणि पुढे तांदूळ सडला तरी त्याचा बराचसा अंश टिकून राहतो.

तिसरा धडा मुंबईत मिळाला. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. तेथील गरीब कामगारवर्गातील अनेक गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात काही दगावत. या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केल्यावर त्यात कोणता तरी घटक कमी पडत असावा असे विल्स यांच्या ध्यानात आले. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो घटक म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पुढे अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या कार्यात येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. आज उपकेंद्रातून मिळणाऱ्या तांबड्या गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असते. फुकट मिळते म्हणून जी फडताळावर पडून राहते, तिच्यामागे मुंबईतील मातांच्या दुःखाचा आणि अनेक वर्षांच्या संशोधनाचा असा इतिहास आहे.

या तिन्ही धड्यांत एक सूत्र समान आहे. प्रत्येक ठिकाणी उणीव निश्चित होती आणि ती भरून निघताच रोग हटला. खलाशांना तांदूळ देऊन किंवा मुंबईच्या मातांना केवळ संत्री देऊन ते कार्य झाले नसते.

पोटभर जेवणाऱ्यांवरील प्रयोग

उणीव भरून काढल्याने एवढा गुण येतो, तर उणीव नसलेल्यांनी तेच पदार्थ अधिक घेतल्यास आरोग्य अधिक वाढेल, असा तर्क साहजिकच करण्यात आला. तो पडताळून पाहण्यासाठी मोठे प्रयोग झाले. अशा प्रयोगांत एका गटास खरी गोळी आणि दुसऱ्या गटास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन वर्षानुवर्षे दोहोंच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाते.

अमेरिकेतील ५० वर्षांवरील १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या अशा प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अकरा वर्षांहून अधिक काळ रोज बहुजीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळले. हृदयविकार मात्र कमी झाला नाही. अलीकडे ६० वर्षांवरील व्यक्तींवर झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात स्मरणशक्तीत थोडी सुधारणा दिसून आली. २०२४ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकन प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी तपासण्यात आल्या. रोज गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक जगल्याचे त्यांत आढळले नाही. कर्करोग व हृदयविकार टाळण्यासाठी अशा गोळ्यांची शिफारस करावी की करू नये हे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असे मत अमेरिकेतील तज्ज्ञांच्या अधिकृत मंडळाने २०२२ मध्ये नोंदविले आहे.

या सर्वांचे तात्पर्य असे, की नेहमीच्या प्रमाणातील बहुजीवनसत्त्वाची गोळी निरोगी प्रौढ माणसास सहसा अपाय करीत नाही. लाभ झालाच तर तो अल्प व अनिश्चित असतो. परंतु हे प्रयोग मुख्यत्वे पोटभर व विविध अन्न मिळणाऱ्या लोकांवर झालेले आहेत, हे विसरता कामा नये. ज्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तेथे 'गोळ्या निरुपयोगी' असा सरसकट निष्कर्ष काढणे घातक ठरेल. भरलेल्या घागरीत पाणी ओतणे व्यर्थ आहे. रिकाम्या घागरीची गोष्ट वेगळी.

अतिरेकाचे परिणाम

नेहमीचे प्रमाण सोडून मोठ्या मात्रेत जीवनसत्त्वे घेतल्यास मात्र धोका संभवतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन हा 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वपदार्थ गोळीरूपाने देण्यात आला. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हावा ही अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आले तेव्हा तो कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या प्रयोगातही हीच गोष्ट दिसल्याने १९९६ मध्ये तो वेळेआधीच थांबवावा लागला. गाजरातील किंवा पालेभाजीतील बीटा-कॅरोटीनने असा अपाय होत नाही. तेव्हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ही गोळी टाळावी आणि त्याहीआधी विडी सोडावी, हे इष्ट.

'अ' जीवनसत्त्व गरोदरपणात अधिक मात्रेत घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा संभव असतो. म्हणून गरोदर स्त्रीने वैद्यकीय सल्ल्यावाचून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल घेऊ नये. 'बी-६' मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा नित्य घेतल्याने मूतखडा होण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे विशेष सावधगिरी बाळगण्याजोगे म्हणजे 'ड' जीवनसत्त्व. त्याची दैनंदिन गरज ६०० एकके धरली जाते. दुकानात मिळणाऱ्या त्याच्या एका पुडीत किंवा गोळीत ६०,००० एकके असतात, म्हणजे शंभर दिवसांची बेगमी. डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवड्यांपुरतीच लिहून देतात. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. अतिशय तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम ही लक्षणे उद्भवतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द घरातील वृद्धांना समजावून सांगणे ही मुलासुनांची जबाबदारी आहे.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. रंगीत गोड गोळ्या समजून मुलाने त्या मूठभर खाल्ल्यास प्राणावर बेतू शकते. तसे घडल्याचा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

थकव्यामागील खरे कारण

या सर्वांहून मोठा धोका गोळीत नसून गोळीवरील अवाजवी भरवशात आहे. थकवा, भूक न लागणे, वजन घटणे या तक्रारींमागे क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडचा विकार, जंत किंवा मासिक पाळीतील अतिरक्तस्राव अशी कारणे दडलेली असू शकतात. ताकदीच्या गोळीवर दोन-तीन महिने काढले तर तेवढ्या अवधीत मूळ रोग बळावतो. रक्तक्षय झालेली स्त्री 'बी' गटाच्या गोळ्या आणून खात राहते. त्यांपैकी कित्येकांत लोह मुळीच नसते. पैसे खर्च होतात, मनाला समाधान वाटते आणि रक्त होते तेवढेच राहते. रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला किंवा थकवा राहिल्यास प्रथम तपासणी, मग औषध, हाच क्रम योग्य होय.

गोळी कोणास आवश्यक?

काही व्यक्तींना गोळीची खरोखर आवश्यकता असते आणि त्यांनी ती टाळता कामा नये.

गरोदर स्त्रियांना पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची गोळी आणि त्यानंतर ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली तांबडी गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस देण्यात येते. बाळंतपणानंतरही ती तितकेच दिवस घ्यावयाची असते. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बालकाच्या पाठीच्या कण्यातील व मेंदूतील जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात. लोहाच्या गोळीने शौचास काळे होणे, थोडे मळमळणे हे त्रास घाबरण्याजोगे नाहीत. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये.

शाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी. ती उपाशीपोटी दिली जाऊ नये याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे. एखाद्या मुलास मळमळले की गावात अफवा पसरते आणि सर्वच पालक गोळी नाकारू लागतात. शिक्षकाने आधीच दोन शब्द समजावून सांगितले तर ही आपत्ती टळते. थॅलसेमियासारखा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह देऊ नये.

नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्यात येतात. पहिला एक लाख एककांचा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा, असे एकूण नऊ. १९७० मध्ये हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा या जीवनसत्त्वाच्या अभावी अंधत्व येणे ही देशातील एक मोठी समस्या होती. हा मोठा डोस आरोग्यसेविकेकडूनच व कार्डावर नोंद करूनच घ्यावयाचा असतो.

पूर्णतः शाकाहारी व्यक्तींत, विशेषतः दूधदही न घेणाऱ्यांत, 'बी-१२' ची उणीव संभवते. कारण ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही ती होऊ शकते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे होत. यकृतात 'बी-१२' चा काही वर्षे पुरेल एवढा साठा असल्याने ही उणीव उशिरा उघडकीस येते. अशा वेळी केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारते, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

अल्प आहार असलेले वृद्ध, घराबाहेर उन्हात न जाणाऱ्या व्यक्ती आणि आतड्याच्या विकाराचे रुग्ण यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी उपयुक्त ठरते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी 'के' जीवनसत्त्व असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. थायरॉईडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

ताटातील जीवनसत्त्वे

इतरांसाठी जीवनसत्त्वांचे भांडार परसात व बाजारात आहे. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागते. आवळा त्याहूनही संपन्न. शेवग्याचा पाला, तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, भोपळा, पपई यांतून बीटा-कॅरोटीन मिळते. शेवग्याच्या शेंगा आवडीने खाऊन पाला फेकून देणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा. बांगडा व तारले यांसारख्या स्वस्त मासळीतून 'ड' व 'बी-१२' लाभतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते आणि मोड आलेल्या कडधान्यांत 'क' जीवनसत्त्व वाढते.

स्वयंपाकाची रीतही महत्त्वाची आहे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवल्यावर उरलेले पाणी टाकून न देता आमटीत घालावे. तांदूळ अनेक पाण्यांनी चोळून धुतल्यास 'बी-१' वाहून जाते. जेवणात लिंबू पिळल्यास डाळीभाज्यांतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते वाया जाते. गोळीत नसणारे प्रथिन, तंतुमय भाग व इतर अनेक उपयुक्त घटकही अन्नाबरोबर आपोआप पोटात जातात.

विकत घेण्यापूर्वी

गोळी घ्यावयाचीच झाल्यास वेष्टन वाचून घ्यावे. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो आणि तो औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असेही छापणे बंधनकारक आहे. शंभर टक्क्यांच्या आसपास दैनंदिन गरज भागविणारी साधी गोळी पुरेशी असते. हजार टक्के लिहिलेली अधिक चांगली नव्हे. एकाच वेळी दोन-तीन प्रकारच्या गोळ्या, पावडरी व टॉनिके घेतल्यास एकच जीवनसत्त्व अनेक वाटांनी पोटात जाते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपण कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टरांना प्रत्येक भेटीत सांगावे.

सारांश, रोज बहुजीवनसत्त्वाची गोळी घेणे निरोगी व चौरस आहार घेणाऱ्या माणसास बहुधा निरुपद्रवी, परंतु बहुधा अनावश्यकही असते. त्याच पैशांत घरात अंडी, फळे व पालेभाजी येऊ शकते. याउलट आरोग्यसेविकेने दारी आणून दिलेली गोळी नेमकी उणीव पाहून दिलेली असते. ती फडताळावर राहू न देता वेळेवर घेतली जाईल याची काळजी घरातील प्रत्येकाने, विशेषतः पतीने व सासूने, वाहिली पाहिजे. माता सशक्त तर कुटुंब सशक्त, आणि त्याचा आरंभ त्या एका तांबड्या गोळीपासून होऊ शकतो.